खुराखालची माती

घोडबंदर रोडवर संध्याकाळी घोडा दिसला की समजायचं, लग्नाचा मोसम सुरू झाला. मानपाड्याच्या नाहीतर पातलीपाड्याच्या सिग्नलला, मेट्रोच्या खांबांखाली पांढरा घोडा उभा असतो. कपाळावर झालर, पाठीवर फेट्यातला नवरदेव, पुढे बेंजो आणि मागे हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांची न संपणारी रांग. रस्त्याच्या नावात घोडा आहे, तरी या रस्त्यावर सगळ्यात परकं जनावर तेच. खाडीच्या काठावर अरबी घोडे गलबतांतून उतरायचे म्हणून घोडबंदर, असं जुनी माणसं सांगत आली. नावाची ही उपपत्ती कुणी पटवून घेवो न घेवो, घोडा ठाण्याला समुद्रातून यायचा हे मात्र खरं. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोनं ठाण्याच्या राज्याबद्दल एक मजेशीर गोष्ट नोंदवून ठेवली आहे. इथल्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता. लुटीतला बाकी सगळा माल चाच्यांचा, घोडे तेवढे राजाचे, कारण राजाकडे स्वतःचे घोडेच नव्हते.

नव्हते, कारण कोकणपट्टी ही घोड्याची भूमी नाहीच. घोडा कोरड्या मुलखातलं जनावर. आपल्याकडे तो नांदला तो घाटमाथ्यापलीकडे, भीमा-नीरेच्या खोऱ्यात. मराठ्यांच्या दौडी ज्याच्या पाठीवर झाल्या ते भीमथडीचं तट्टू तिथलंच. बुटकं, काटक, मिळेल ते खाणारं, आणि मुख्य म्हणजे टणक, लहान खुरांचं. खाली कोकणात चार महिने पाय चिखलात. खूर म्हणजे आपल्या नखासारखाच पदार्थ, पाण्यात राहिला की मऊ पडतो. मऊ खुरात खिळा धरत नाही, नाल सैल होते, तळव्यातल्या रबरासारख्या त्रिकोणी भागाच्या खाचांत लीद आणि चिखल अडकून तो भाग सडतो. त्यातून काळसर, घाण वासाचं पाणी येऊ लागलं की जनावर लंगडायच्या आधी महिनाभर हा रोग आत शिरला होता असं धरावं. त्यावर गोमाश्या. त्यांच्या चाव्यातून सरा नावाचा रक्ताचा रोग पसरतो, ताप येतो-जातो, पायांना सूज येते, आणि उपचार झाला नाही तर घोडा वाळत जाऊन मरतो. एवढं सगळं असताना ठाण्याच्या परिसरात घोड्यांचं एक मोठं गाव वसलं, तेही घनघोर पावसाच्या डोंगरमाथ्यावर.

ते वसवण्यामागे ठाण्याचाच माणूस होता. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट डोंगराच्या दक्षिण पायथ्याला चौक गावी तळ टाकून होते. समोरचा झाडीनं भरलेला माथा बघून ते वर चढले, हवा आवडली, पुन्हा गेले आणि झोपडीवजा घर बांधलं. माथ्यावरचं रान म्हणून माथेरान. आज ते रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यात मोडतं, पण १८८२ च्या जुन्या गॅझेटियरात माथेरान शोधायचं असेल तर ठाणे जिल्ह्याचाच खंड उघडावा लागतो. मॅलेटनंतर पाचेक वर्षांत गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन वर गेले आणि साहेबांचे बंगले उभे राहू लागले. १८५३ मध्ये ठाण्याला पोचलेली रेल्वे १८५६ मध्ये नेरळवरून खोपोलीपर्यंत गेली. मुंबईच्या उकाड्यातून निघालेला साहेब आता अर्ध्या दिवसात पायथ्याशी यायचा, आणि पायथ्यापासून वर सुमारे साडेसातशे मीटरची चढण समोर उभी. ती चढायची तर स्वतःच्या पायांनी, माणसांच्या खांद्यावरून, नाहीतर तट्टावरून. माथेरानचा घोडा शोभेसाठी कधीच आला नाही. तो भाड्याचाच आला. ‘भाडोत्री तट्टू’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, पण इथे अख्खं गाव त्याच्या पाठीवरून वर गेलं आहे.

पुढे २२ मार्च १९०७ ला दोन फुटी रुळांवरची आगगाडी सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, मुलगा अब्दुल हुसेन यांनी ती बांधून घेतली. खर्च १६ लाख. गाडीनं नेरळ ते माथेरान हा पल्ला घोड्याकडून काढून घेतला, तरी वर गेल्यावर घोडा होताच, कारण वर मोटार नाही. हा नियम दीर्घकाळ मोडला गेला नाही, आणि ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेनं परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरल्यावर तर त्याला कायद्याचं पाठबळच मिळालं. गाडी मात्र डोंगरासारखीच लहरी. जुलै २००५ च्या पावसात रूळ वाहून गेले, ती मार्च २००७ मध्ये परत आली. २०१९ च्या पावसात पुन्हा मार्ग खचला, नेरळहून थेट गाडी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. दरवर्षी पावसाळ्यात खालचा टप्पा बंदच असतो. रेल्वे बसली की घोडा उठतो, असा हा जुना हिशेब आहे.

आता मुद्द्याचं, म्हणजे शर्यतीचं.

माथेरानच्या जंगलात एक मोकळं मैदान आहे, ऑलिम्पिया. हा रेसकोर्स एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातला. थंड हवेच्या ठिकाणी सकाळ-संध्याकाळ फिरून झालं की साहेबाला दुपारनंतर करायला काही नसायचं, म्हणून जिमखाना आणि म्हणून शर्यत. जगभर हेच झालेलं दिसतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या ब्लू रिज डोंगरांत ब्लोइंग रॉक नावाचं गाव आहे, माथेरानपेक्षा थोडं उंच. तिथेही उन्हाळा काढायला वर येणाऱ्या लोकांनी घोडे आणले, १९२३ मध्ये लॉइड टेट यांनी घोड्यांचा शो सुरू केला आणि तो अजून चालू आहे. मात्र तिथल्या शोमध्ये येणारा घोडा शोसाठीच पोसलेला. उडीचा घोडा वेगळा, चालीचा वेगळा. उड्यांच्या फेरीत अडथळ्याचा दांडा पाडला की चार दोषगुण, हा हिशेब कुणालाही कळतो. चालीच्या फेरीत पंच नुसता बघतो, आणि तिथून भांडणं सुरू होतात. ऑलिम्पियावर पळणारं जनावर तसं नाही. ते काल दुपारी दादरच्या काकूंना इको पॉइंट दाखवून आलेलं असतं, आणि उद्या पुन्हा दस्तुरीला, म्हणजे गाड्या थांबतात त्या नाक्यावर, उभं राहणार असतं.

म्हणून इथे शर्यतीची कसोटी वेगळी असते. रोज एकामागे एक, पायवाटेनं चालायची सवय झालेल्या घोड्याला बाजूनं दुसरा घोडा पुढे जाताना बघून पळायचं असतं हे आधी आठवावं लागतं. सुटायच्या क्षणी निम्मे घोडे मालकाचा आवाज ऐकायला थांबतात. दुडकीतून चौखूर जाताना तट्टू घसरतं ते मैदानाच्या वळणावर. डावीकडे वळायचं तर घोड्याचा डावा पुढचा पाय आघाडीवर हवा. उजवा आघाडीवर ठेवून वळला तर त्याचं अंग बाहेर फेकलं जातं, दोन घोड्यांची जागा वाया जाते आणि मागचा आतून निघून जातो. हे बघायला ठाण्या-कल्याणहून गेलेला माणूस जो पुढे आहे त्याच्यावर नजर ठेवतो. मुरलेला माणूस वळणावर पाय बघतो. घोडामैदान जवळच आहे म्हणतात, पण मैदानात बघायचं काय, हे कुणी सांगत नाही.

जुन्या काळच्या शर्यतींत उंचीवरून वजन ठरायचं. घोड्याची उंची ‘हँड’मध्ये मोजतात. एक हँड म्हणजे चार इंच, पंजाची रुंदी. माप मानेच्या बुडाशी, खांद्यावरच्या उंचवट्याला घ्यायचं. १४.२ म्हणजे चौदा हँड आणि वर दोन इंच, एकूण ५८ इंच. तेवढ्यापर्यंत पोनी, त्यापुढे घोडा. जितका उंच तितकं वजन जास्त, त्यामुळे अर्धा इंच कमी भरला तर मालकाचा फायदा. मग लबाड्या आल्याच. मापाच्या आधी खूर जितके कापता येतील तितके कापायचे, नाल काढून टाकायची, रात्रभर चालवून घोडा दमवून आणायचा म्हणजे तो अंग सोडून उभा राहतो. सगळ्यात वाईट म्हणजे खांद्याच्या उंचवट्यावर रोज टोचत राहायचं. मग मापाची पट्टी तिथे टेकली की घोडा भीतीनं आपसूक खाली दबतो. पंच अनुभवी असेल तर तो पट्टी टेकवायच्या आधी नुसता हात फिरवतो आणि घोडा दचकतो का ते बघतो.

आपल्याकडे घोड्याचा बाजार म्हणजे सारंगखेडा. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी, एकमुखी दत्ताच्या यात्रेत, दत्तजयंतीला भरतो. तिथे भाव ठरतो तो रंगावर, चालीवर, कानांची टोकं एकमेकांना टेकतात का यावर, आणि अंगावरच्या भोवऱ्यांवर. देवमण हा शुभ भोवरा असेल तर लाखात, अशुभ भोवरा निघाला तर गिऱ्हाईक पुढे. पंचकल्याणी, अबलख, नुकरा हे रंगांचे शब्द तिथे सोन्याच्या भावाचे. डोंगरावर मात्र यांतला एकही शब्द कामाचा नाही. सहा फूट उंचीचा भासणारा, लांब पायांचा, पातळ तळव्याचा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा, रेसकोर्सवरून बाद होऊन डोंगरावर आला तर त्याला पहिल्या उतारावरच कळतं की आपण चुकीच्या नोकरीत आलोय. त्याचा तळवा खडीवर दुखतो, लांब पायामुळे उतारावर वजन गुडघ्यात येतं. शेजारचं तेरा हँडचं अनाम तट्टू मात्र मान खाली घालून, वाट हुंगत, प्रत्येक पाऊल चाचपत उतरतं. लोक त्याला मरगळलेलं समजतात. मान खाली असणं हेच त्याचं शहाणपण आहे. मान उंच धरून उतरणारा घोडा पायाखाली बघत नसतो.

घोड्याचं सगळं खुरावर. उभ्या घोड्याचं साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, उतारावर त्याहून जास्त. खुराची भिंत महिन्याला आठ-नऊ मिलिमीटर वाढते, म्हणून दर चार ते सहा आठवड्यांनी नालबंदाला बोलवावं लागतं. नाल झिजली नसेल तरीही. कारण खूर वाढला की नाल पुढे सरकते आणि टाच उघडी पडते. नालबंद पाय मांडीत धरतो, जुन्या खिळ्यांची वळवलेली टोकं सरळ करतो, पकडीनं नाल टाचेकडून उचलत काढतो. मग वाकड्या सुरीनं तळव्याचा मेलेला पापुद्रा आणि कानशीनं कड. इथे हात आवरावा लागतो. तळवा गुळगुळीत, सुंदर दिसेपर्यंत कापणारा नालबंद घोड्याची ढालच कापत असतो. दोन दिवसांनी खडीवर घोडा लंगडला की दोष खडीला. त्यानंतर नाल खुराला बसवतात. उलटं करायचं नाही, म्हणजे तयार नालेच्या मापाला खूर कानसायचा नाही. घाईत सर्रास हेच होतं.

खिळे सात किंवा आठ. बाहेरच्या बाजूला चार, आतल्या बाजूला तीन. तळव्यात भिंत आणि आतला जिवंत भाग यांच्यामध्ये एक फिकट पांढरी रेघ दिसते. खिळा त्या रेघेवर किंवा किंचित बाहेर धरायचा. खिळ्याच्या एका बाजूला तिरपं टोक असतं, ते आतल्या बाजूला ठेवलं की खिळा ठोकताना बाहेर वळत जातो आणि भिंतीतून दीडेक इंच वर निघतो. आवाजावर लक्ष ठेवायचं. टणक खुरात खिळा जाताना दर ठोक्याला आवाज चढत जातो. आवाज मऊ, बसका आला आणि घोड्यानं पाय हिसकला, तर खिळा जिवंत भागात गेला. तो लगेच काढून त्या भोकात आयोडीन सोडायचं आणि तिथे दुसरा खिळा मारायचा नाही. हे लपवलं तर चौथ्या दिवशी खूर गरम लागतो, आत पू होतो, आणि तो घोडा दोन-तीन आठवडे कामातून जातो. मोसमाच्या ऐन मे महिन्यात एक चुकीचा खिळा म्हणजे एका घराची कमाई.

नालेच्या खालच्या बाजूला खोबण असेल तर बरं. तिच्यात माती भरते आणि मातीवर मातीची पकड बसते. इथेच घोडं पेंड खातं. माथेरानची वाट जांभ्याची, तांबडी. कोरडी असताना त्या मातीत नाल किंचित रुतते, धक्का जिरतो. पण हीच माती दर पावसाळ्यात वाहून जाते, झाडांची मुळं उघडी पडतात, वाटेचा ओढा होतो. उन्हाळ्यात धूळ, पावसात चिखल. म्हणून मुख्य रस्त्यावर मातीचे भाजलेले ब्लॉक बसवायचं ठरलं. बाबागाडीवाल्यांना, म्हाताऱ्यांना, चाकाच्या बॅगांना ते सोयीचे. लोखंडी नालेला ओला ब्लॉक म्हणजे साबण. उतारावर घोडा ब्लॉकवर आला की मागचे पाय पोटाखाली घेतो, पावलं आखूड करतो, आणि जिथे ब्लॉकच्या कडेला मातीची पट्टी उरली असेल तिथून चालतो. कुणीही उभं राहून बघावं, रस्त्याची कड घोड्यांनी खणलेली असते. टंगस्टन कार्बाइडचे दाणे बसवलेली नाल, मागच्या टोकांना बारीक उंचवटे, रबरी तळ, असे उपाय जगात आहेत. उंचवटे वाढवले तर पकड मिळते, पण पाय जागच्या जागी थांबून सांध्याला हिसका बसतो. रबर घसरत नाही, पण चढावर लवकर झिजतं. खर्चाचं गणित तर वेगळंच.

अश्वपालांचा ब्लॉकना विरोध होता, तो निव्वळ धंद्याचा अशी चेष्टा झाली. धंद्याचा होताच. पण त्यात खुराचाही होता, आणि हे घोड्याचा पाय कधी हातात न धरलेल्या माणसाला पटवणं अवघड. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून धावल्या. ६ ऑगस्ट २०२५ च्या निकालात न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या, त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्यायला सांगितल्या, आणि दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतचे ब्लॉक ठेवून आतल्या वाटांवर मात्र ते नकोत असं ठरवलं. माणसानं माणसाला ओढण्याची गोष्ट संपली हे योग्यच झालं, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. हातरिक्षा ९४ होत्या, परवान्याचे घोडे सुमारे साडेचारशे. त्या साडेचारशेंपैकी दस्तुरी ते बाजार या तीनेक किलोमीटरांच्या पल्ल्यावर किती जगतात आणि आतल्या पॉइंटांवर किती, यावर आता पुढचं सगळं अवलंबून आहे. पॉइंटांच्या वाटा मातीच्याच राहणार, म्हणजे खुराच्या बाजूनं निकाल निम्मा तरी लागला, असं म्हणायला जागा आहे.

घोड्यांची अडचण निव्वळ खुराशी संपत नाही, हेही मान्य करायला हवं. एक घोडा दिवसाला पंधरा किलोच्या पुढे लीद टाकतो. साडेचारशे घोड्यांची रोजची लीद सहा-सात टन होते. ती उचलून खत केली तर बाग, नाही उचलली तर धुळीबरोबर नाकात. दस्तुरीला उतरलेल्या गिऱ्हाइकाला ‘पॉइंट लांब आहे, ट्रेन बंद आहे’ असं सांगून घोड्यावर बसवण्याचे प्रकार घडले, त्यानं सगळ्याच घोडेवाल्यांचं नाव खराब झालं. आणि वजनाचं म्हणाल तर आपल्याच देशाचे १९६५ चे नियम आहेत. पाठीवरून माल वाहणाऱ्या पोनीला ७० किलो ही मर्यादा. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल त्या भागात दुपारी बारा ते तीन अजिबात नाही. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर तीसेक किलोचा. दोन्ही बाजूंना एकेक लावला की साठ झाले, वर पालाणाचं वजन. चार लावले की काय होतं, ते घोड्याच्या मागच्या पायांच्या थरथरीवरून कळतं.

माणसाच्या वजनाचा हिशेब जगभर साधारण एकच सांगितला जातो. खोगिरासकट स्वार घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशाच्या आसपास असावा. डोंगरी तट्टू अडीचशे-तीनशे किलोचं. म्हणजे पन्नास-साठ किलो, त्यात खोगीर आठ-दहा किलोचं. आता ठाण्याहून सकाळच्या कर्जत लोकलनं निघून, नेरळला वडापाव खाऊन, दस्तुरीला पोचलेले पंच्याऐंशी किलोचे काका कुठल्या घोड्यावर बसणार? त्यांनी चालावं. वाट आहे, सावली आहे, पाय आहेत. मुलांना बसवावं, आणि बसवायच्या आधी दराच्या फलकाइतकंच घोड्याकडे बघावं.

बघायचं म्हणजे काय? आधी घोड्याला चार पावलं सरळ चालवायला सांगायचं आणि डोकं बघायचं. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला पाय टेकताना खाली येतं. टापांचा आवाज ऐकायचा. चार टापा सारख्या वाजल्या पाहिजेत, एखादी खणखणली तर नाल सैल आहे. नंतर तंग. पोटपट्टीखाली दोन बोटं सपाट गेली पाहिजेत, मूठ जात असेल तर खोगीर फिरणार आणि मूल घोड्याच्या पोटाखाली. घोडे तंग आवळताना पोट फुगवतात, म्हणून दहा पावलांनंतर पुन्हा आवळायचा असतो. हे चांगला घोडेवाला न सांगता करतो, आणि त्यावरूनच तो चांगला हे ओळखायचं. मग खोगीर थोडं उचलून खाली हात घालायचा. पाठीच्या कण्यावर खोगिराचा भार येता कामा नये, दोन्ही बाजूंच्या गाद्यांवर यायला हवा, मधे उजेड दिसला पाहिजे. गाद्यांत चिंध्या कोंबल्या असतील तर त्यांच्या गाठी होतात आणि गाठीखाली फोड. ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण भिकार मजकुरासाठी वापरतो, पण मूळ खोगिरातली भरती वाईट असली की घोड्याची पाठ सोलते, आणि खांद्यामागे रुपयाएवढे पांढरे केस कायमचे उगवतात. काळ्या-तांबड्या घोड्याच्या पाठीवरचे ते पांढरे ठिपके म्हणजे जुन्या जखमांचं रजिस्टर.

आणि चढून आल्यावर नाकपुड्या बघा. विश्रांतीत घोड्याचा श्वास मिनिटाला आठ ते सोळा, नाडी तीस-चाळीस. चढानंतर ती शंभरावर जाते, पण दहा-पंधरा मिनिटांत साठच्या आसपास उतरली नाही तर तो घोडा लगेच दुसऱ्या फेरीला जाऊ नये. मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची. लगेच सपाट झाली तर ठीक, घडी उभी राहिली तर पाणी कमी पडलंय. दिवसाला तीस लिटरच्या पुढे पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात डोंगरमाथ्यावर पाणी हाच महागडा चारा असतो. चणे भिजवूनच द्यायचे. कोरडे दिले तर पोटात फुगतात, आणि घोड्याला उलटी करता येत नाही. त्याच्या पोटात जे गेलं ते पुढेच जाणार, नाहीतर अडकणार. पोटशूळ उठलेला घोडा पुन्हा पुन्हा कुशीकडे वळून बघतो, पुढच्या पायानं जमीन उकरतो, लोळतो. तेव्हा त्याला हळूहळू चालवत ठेवायचं, चारा काढून घ्यायचा आणि डॉक्टर गाठायचा. शर्यतीच्या आदल्या रात्री ‘ताकद यावी’ म्हणून दुप्पट खुराक घालणारे अजून आहेत. सकाळी मैदानात घोडा नसतो, गोठ्यात असतो.

शर्यत असो की यात्रा, घोडे एकत्र जमले की शेंबा रोगाची, ग्लँडर्सची, भीती डोक्यावर असते. नाकातून चिकट पिवळा स्राव, नाकाच्या पडद्यावर व्रण, पायांच्या आतल्या बाजूला गाठी. माणसालाही लागतो. रक्ताचा नमुना हिसारच्या अश्व संशोधन केंद्रात होकारार्थी निघाला तर कायद्यानं तो घोडा मारून खोल पुरावा लागतो आणि आसपासच्या घोड्यांची ये-जा थांबते, जत्रा रद्द होते. म्हणून एक बादली, एक तोबरा म्हणजे तोंडाला बांधायची खाण्याची पिशवी, दोन घोड्यांनी वापरायचा नाही हा साधा नियम. मोसमात तो सगळ्यात आधी मोडतो, कारण बादल्या कमी आणि घोडे घामाघूम.

काढलेल्या जुन्या नाला नालबंदाच्या पोत्यात जमा होतात. त्यातली एखादी पुढे शनिवारी स्टेशनाबाहेर ‘काळ्या घोड्याची नाल’ म्हणून विकली जाते आणि घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर, सेफ्टी डोअरच्या वर ठोकली जाते. घोडा काळा होता की तांबडा, हे नालेवरून कळायचा मार्ग नाही. पण ती खरंच कुणाच्या पायात होती का, हे कळतं. नवीन लोखंड गंजवून विकलेल्या नालेची जाडी सगळीकडे सारखी असते आणि भोकं नीट चौकोनी. चाललेल्या नालेचं पुढचं टोक पातळ झालेलं असतं, नखानं जाणवण्याइतकं. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त झिजलेली असते, कारण कुठलाच घोडा अगदी सरळ पाय टाकत नाही. खिळ्यांची भोकं ताणून लांबट झालेली असतात. आणि खोबणीत, कितीही घासली तरी, कोपऱ्यात थोडी तांबडी माती राहतेच.